पडद्यावर न मावणारं युद्ध

‘एम्पायर: टोटल वॉर’ हा कॉम्प्युटर गेम २००९ मध्ये आला. अठराव्या शतकातल्या जगावर राज्य करायला निघालेल्या सत्तांच्या यादीत ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रियाच्या बरोबरीने त्यात मराठेही होते. फौज उभी करायची, तोफा टेकाडावर चढवायच्या, घोडदळ झाडीआड दडवायचं आणि शत्रू पुढे सरकला की त्याच्या बगलेवर सोडायचं. एका फौजेत जास्तीत जास्त २० पथकं. माउस जरा फिरवला की सगळं रणांगण डोळ्यांखालून जातं.

त्या काळाला हे रूप बऱ्यापैकी शोभतं. तेव्हाच्या लढाया खरोखरच एका मैदानात, बहुधा एका दिवसात आणि डोळ्यांदेखत व्हायच्या. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसली आणि सैन्याचा धीर सुटला, असं बखरींपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं. पाहणं आणि हरणं यांत तेव्हा फार अंतर नव्हतं.

पण त्याच पानिपताचं दुसरं अर्धं कारण या गेममध्ये शोधून सापडत नाही. मराठ्यांची रसद तुटली होती, माणसं आणि जनावरं उपाशी होती, छावणीत हजारो बाजारबुणगे आणि यात्रेकरू होते. गेमच्या त्या २० पथकांत बाजारबुणग्यांना जागा नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. युद्धाचा गेम करायचा म्हणजे काय गाळायचं ते ठरवायचं. जुन्या युद्धातून एवढं गाळूनही जे उरायचं ते खेळायला पुरेसं होतं. आधुनिक युद्धाची पंचाईत अशी, की स्ट्रॅटेजी गेमनी आजवर कंटाळवाण्या म्हणून गाळलेल्या गोष्टींतच आता निकाल लागतो. कोण कोणाला दिसतं, हुकूम पोचायला किती वेळ लागतो, क्षेपणास्त्रं किती उरलीत आणि राजधानीतून कशाची परवानगी आहे, हेच आता युद्ध झालं आहे.

पंच यंत्रात गेला

या खेळांच्या पूर्वजांना मात्र यातलं बरंच ठाऊक होतं. प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्ये राजासमोर मांडलेल्या खेळाची ती सुधारलेली आवृत्ती होती. १:८००० प्रमाणाचा नकाशा, लाल-निळे ठोकळे, फासे, आणि एक डाव म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं. बुद्धिबळाचा पट दोघांनाही सारखाच उघडा असतो. इथे तसं नव्हतं. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत. शत्रूची जी तुकडी तुमच्या माणसांना खरोखर दिसू शकते तिचाच ठोकळा पंच नकाशावर ठेवी, बाकीच्या त्याच्या मनात असत. हुकूम घेऊन निघालेल्या स्वाराला पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तुकडी जागची हलत नसे. प्रशियाचे लष्करप्रमुख जनरल फॉन म्यूफलिंग हा खेळ पाहायला काहीसे नाखुशीनेच बसले होते. उठले ते साऱ्या सैन्याला त्याची शिफारस करायचं ठरवूनच.

कॉम्प्युटर आला तेव्हा हा पंच यंत्राच्या पोटात गेला आणि जाता जाता बराच सैल झाला. लास वेगासच्या वेस्टवूड स्टुडिओने १९९२ मध्ये ‘ड्यून २’ आणि १९९५ मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ काढून जो साचा पाडला, तो आजही चालतो: खनिज गोळा करा, कारखाने बांधा, रणगाडे काढा, शत्रूचा तळ जाळा. न पाहिलेला प्रदेश काळा, आणि आपला एक शिपाई तिथे पोचला की लख्ख उजेड. हुकूम दिला की त्याच क्षणी तुकडी निघते.

याच मालिकेतला २००३ चा ‘जनरल्स’ आधुनिक युद्धाचा म्हणून गाजला. अमेरिका, चीन आणि एक दहशतवादी संघटना अशा त्यात तीन बाजू. चिनी हॅकर मैदानात बसकण मारून इंटरनेटवरून पैसे कमावतात, रणगाडे थोड्याच वेळात कारखान्याबाहेर पडतात, आणि त्यांच्या तोफेचा पल्ला रणगाड्याच्याच लांबीच्या काही पट असतो. खेळायला झकास. पण शस्त्रांची नावं एकविसाव्या शतकातली आणि लढायची रीत समोरासमोर उभं राहून भिडण्याची, जुनीच.

सहा बिंदूंचा रणगाडा

पहिली अडचण साधी, भूमितीची आहे. अठराव्या शतकातल्या बंदुकीचा नेम शंभरेक मीटरपलीकडे भरवशाचा नसे. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी अब्राम्स रणगाडे दोन किलोमीटर आणि त्याहून लांबची लक्ष्यं टिपत होते. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या पहिल्या आवृत्तीचा जाहीर पल्लाच २९० किलोमीटर होता.

आता नेहमीच्या मॉनिटरवर आडवे १९२० बिंदू असतात. त्यात अडीच किलोमीटरचं मैदान बसवलं, तर आठ मीटर लांबीचा रणगाडा जेमतेम सहा बिंदूंचा उरतो. त्याची साखळी, तोफेची नळी, उडालेली धूळ यासाठी चित्रकारांनी केलेली मेहनत त्या सहा बिंदूंत कोणाला दिसणार? म्हणून बहुतेक गेम पल्ले आखडून टाकतात. पॅरिसच्या युजेन सिस्टिम्सने ‘वॉरगेम’ मालिकेत आणि नंतर ‘वॉर्नो’मध्ये मधला मार्ग काढला. जवळून पाहिलं तर रणगाड्याचे खिळेसुद्धा दिसतात. लांब गेलं की रणगाडे नाहीसे होतात आणि नकाशावर फक्त नावाच्या पाट्या उरतात. मुरलेले खेळाडू बहुतेक वेळ त्या पाट्यांकडेच पाहत असतात.

अंतराशी जोडलेली दुसरी अडचण तोल सांभाळण्याची. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी दक्षिण इराकच्या वाळवंटात, नकाशावरच्या ‘७३ ईस्टिंग’ या रेषेपाशी, वाळूचं वादळ चालू असताना कॅप्टन एच. आर. मॅकमास्टर यांच्या तुकडीची इराकी रिपब्लिकन गार्डशी गाठ पडली. अमेरिकनांकडे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी होत्या आणि वाळवंटात स्वतःची जागा सांगणारं जीपीएस होतं. मॅकमास्टर यांच्या तुकडीने २३ मिनिटांत २८ रणगाडे उद्ध्वस्त केले, आपला एकही न गमावता. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने पुढे ही चकमक कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उभी केली, कारण शिकायला ती उत्तम होती. पण दोन मित्रांना समोरासमोर बसवून खेळायला? इराकी बाजू कोण घेणार? आधुनिक सेनापती लढाई शक्य तितकी एकतर्फी व्हावी म्हणून आयुष्य वेचतो, आणि गेम बनवणाऱ्याची रोजीरोटी ती तशी न होण्यावर असते.

दिसला तो संपला

ब्रिटनमधून प्रसिद्ध होणारा ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’ हा गेम चित्रांच्या फंदात पडलाच नाही. २०१३ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे तो पृथ्वीचा नकाशा, त्यावर छोट्या खुणा आणि कडेला आकड्यांचे तक्ते. त्यामागे हजारो जहाजं, विमानं, रडार आणि क्षेपणास्त्रांची माहिती साठवलेली आहे.

समजा खेळाडूच्या हाती एक फ्रिगेट आहे आणि तिचं रडार बंद आहे. दूरवरून कोणाच्या तरी रडारची लहर येते, ती फ्रिगेटचे इलेक्ट्रॉनिक कान टिपतात आणि नकाशावर एक पिवळी खूण उमटते. पिवळी म्हणजे अनोळखी. तिच्याभोवती एक लांबलचक वेडावाकडा चौकोन पडतो: जे काही आहे ते याच्या आत कुठेतरी आहे. युद्धनौका असेल, तेलवाहू जहाज असेल, मासेमारीची बोटसुद्धा असेल. आणखी एखाद्या ठिकाणाहून चाहूल लागली, तर चौकोन आक्रसतो. स्वतःचं रडार चालू केलं तर उलगडा लगेच होईल. पण लहर जाऊन, आदळून, परतून आपल्याला काही दाखवते त्याहून कितीतरी लांबवर ती आपला पत्ता इतरांना देते. मग काय करायचं? हेलिकॉप्टर पाठवायचं, की थांबायचं? ओळख पटल्याशिवाय मारा करायचा नाही, की संशयावरही करायचा, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. त्यानंतर घड्याळ पळवायचं. तासन्‌तास काही घडत नाही, आणि घडतं तेव्हा मिनिटभरात सगळं घडून जातं.

कंटाळा आणि धडकी यांचं हे मिश्रण सर्वांना पचणारं नाही. ज्यांना पचतं ते त्यात वर्षं घालवतात, आणि त्यांच्यात गणवेशातली मंडळीही असतात. सैन्यांसाठी या गेमची वेगळी व्यावसायिक आवृत्ती विकली जाते. चालू घडामोडींवर बेतलेल्या त्याच्या छोट्या भागांमध्ये ‘काश्मीर फायर’ नावाचा भारत-पाकिस्तान संघर्षावरचा भागही आहे.

ही मांडणी किती खरी आहे याचा दाखला एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात मिळाला. रशियन ताफ्याची प्रमुख युद्धनौका ‘मोस्क्व्हा’ १४ एप्रिलला बुडाली. जमिनीवरून सोडलेल्या दोन नेपच्यून क्षेपणास्त्रांनी तिला गाठलं, असं युक्रेनने सांगितलं. साध्या स्ट्रॅटेजी गेममध्ये अशा जहाजाच्या नावापुढे शक्तीचा भरभक्कम आकडा असतो आणि तो घावागणिक हळूहळू उतरतो. इथे उतरायला काही नव्हतं. जहाज सापडलं आणि गेलं.

हुकूम आणि उशीर

गेमच्या खेळाडूला मिळणारी सर्वांत मोठी चैन म्हणजे निमूट ऐकणारं सैन्य. ही चैन काढून घेण्याचे काही प्रयोग झाले आहेत. ‘कॉम्बॅट मिशन’ मालिकेत दोन्ही खेळाडू हुकूम देतात, मग ६० सेकंदांची लढाई आपोआप घडते आणि तेवढा वेळ दोघांनीही हात बांधून पाहायचं. ‘फ्लॅशपॉइंट कॅम्पेन्स: रेड स्टॉर्म’ पुढे गेला. १९८९ मधल्या काल्पनिक जर्मन आघाडीवर त्यात दर वेळी किती मिनिटांनी हुकूम देता येईल, हे मुख्यालयाच्या स्थितीवर ठरतं. मुख्यालयावर मारा झाला, रेडिओ जाम झाला, की हे अंतर वाढत जातं. सोव्हिएत बाजूचं ते मुळातच जास्त. समोर पूल हातचा जातोय आणि हुकूम द्यायची वेळ अजून आलेली नाही, अशा वेळी खेळाडू चडफडतो. त्याने चडफडावं अशीच योजना आहे.

खऱ्या सैन्यालाही हे पथ्य नेहमी मानवत नाही. अमेरिकेने २००२ च्या उन्हाळ्यात सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून ‘मिलेनियम चॅलेंज’ नावाचा प्रचंड युद्धसराव केला. त्यात थोडं प्रत्यक्ष सैन्य होतं आणि बाकी कॉम्प्युटर. शत्रूची भूमिका मरीन कोरचे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. रेडिओ वापरला की अमेरिकी यंत्रणा ऐकणार, म्हणून त्यांनी निरोप मोटरसायकलस्वारांकरवी धाडले आणि विमानांना उड्डाणाच्या खुणा दिव्यांनी केल्या. मग क्षेपणास्त्रं आणि छोट्या बोटींचा एकदम मारा करून त्यांनी १६ जहाजं बुडवली, त्यात एक विमानवाहू नौका होती. सराव थांबला. बुडालेली जहाजं पुन्हा तरंगू लागली, आणि शत्रूने काय काय करायचं नाही याची यादी तयार झाली. व्हॅन रायपर मधूनच बाजूला झाले. सेव्ह केलेल्या जागेवर परत जाऊन डाव नव्याने खेळण्याची सोय फक्त पोरांनाच लागते असं नाही.

सगळ्यांचं आवडतं वर्ष

आधुनिक युद्धाचे गंभीर गेम चाळले, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. ‘वॉर्नो’ १९८९ मध्ये घडतो. ‘रेजिमेंट्स’ १९८९. ‘रेड स्टॉर्म’ही १९८९. न झालेलं तिसरं महायुद्ध गेम बनवणाऱ्यांना इतकं प्रिय का? एक तर त्या क्षणी दोन्ही बाजू तोडीस तोड होत्या, निदान कागदावर. रणगाडे, हेलिकॉप्टर, रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं सगळं होतं. पण आकाशात घिरट्या घालणारे स्वस्त ड्रोन नव्हते. शिवाय त्या काळची कागदपत्रं आता बरीचशी उघडी झाली आहेत.

त्यानंतरच्या शस्त्रांचे खरे आकडे गुपित आहेत. जॅमर किती ताकदीचा, चिलखत किती जाडीचं, क्षेपणास्त्र चकवता येतं की नाही, हे गेमवाल्यांना अंदाजानेच भरावं लागतं. ‘वॉर थंडर’ या रणगाडे आणि विमानांच्या गेमवर यातून भलतंच संकट ओढवलं. आपल्या लाडक्या रणगाड्याचे आकडे चुकीचे आहेत हे सिद्ध करायच्या ईर्ष्येने २०२१ मध्ये एका खेळाडूने ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्याच्या लष्करी पुस्तिकेतली पानं जगजाहीर केली. त्याच वर्षी फ्रान्सच्या लक्लेर रणगाड्याची, पुढच्या वर्षी एका चिनी तोफगोळ्याची पाळी आली. असली कागदपत्रं आम्हाला नकोत, असं कंपनीला पुनःपुन्हा बजावावं लागलं.

आणि अंदाज बरोबर आला तरी काळ थांबत नाही. ‘कॉम्बॅट मिशन: ब्लॅक सी’ने २०१७ साली युक्रेनमध्ये रशिया आणि अमेरिका भिडल्याची कल्पना केली होती. त्यात टेहळणीचे ड्रोन होते, जॅव्हेलिन क्षेपणास्त्रं होती, जॅमिंगही होतं. युद्ध २०२२ मध्ये खरोखर भडकलं तेव्हा यातलं बरंच काही दिसलं. पण पुढच्या दोन वर्षांत आघाडीवर राज्य आलं ते चालकाच्या डोळ्यांवरच्या पडद्यातून उडवल्या जाणाऱ्या, काहीशे डॉलर किमतीच्या ड्रोनचं, आणि ते त्या गेममध्ये नव्हते.

या ड्रोननी गेमचं गणितच मोडलं आहे. स्ट्रॅटेजी गेम किमतीवर उभा असतो: महाग सोंगटी जड, स्वस्त सोंगटी हलकी. काहीशे डॉलरचं ड्रोन लाखो डॉलरचा रणगाडा निकामी करू लागलं की महाग सोंगटी कोणीच घेणार नाही. रणगाडे एकत्र येऊन चढाई करू लागले की ते वरून दिसतात, म्हणजेच मारले जातात. मग माणसं दोघातिघांनी पायी सरकतात, खंदकात दडतात, आणि आघाडी महिनोन्‌महिने हलत नाही. रेडिओ जाम करणारी यंत्रं आली, तर ड्रोनमागे काचतंतूची बारीक तार सोडली जाऊ लागली, जिला जॅमरची बाधा होत नाही. असे डाव-प्रतिडाव आठवड्यांत उलटतात. चांगला गेम तयार व्हायला काही वर्षं लागतात.

मॅकरोनीचं पाणी

रसदीचा प्रश्न या सगळ्याहून जुना. तो प्रामाणिकपणे सोडवायला निघालेल्यांची काय गत होते, याचं उदाहरण १९७९ मध्ये आलेला ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा पटावरचा खेळ. दुसऱ्या महायुद्धातल्या आफ्रिकेच्या मोहिमेत त्याने पेट्रोलचा आणि पाण्याचा थेंब न्‌ थेंब मोजायला लावला. इटालियन तुकड्यांना पास्ता उकडायला जादा पाणी द्यावं लागे. पूर्ण खेळ संपायला सुमारे दीड हजार तास लागतील असं सांगितलं जातं.

म्हणून बहुतेक गेमवाले रसदीला हात लावत नाहीत. मात्र २०२२ च्या मार्चमध्ये कीव्हच्या वाटेवर सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा अडकून पडला, त्यात इंधन आणि अन्नाच्या टंचाईचा मोठा हात होता. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेने तैवानवरच्या चिनी हल्ल्याचा युद्धखेळ २४ वेळा खेळून जानेवारी २०२३ मध्ये अहवाल काढला. अमेरिकेची लांब पल्ल्याची जहाजभेदी क्षेपणास्त्रं पहिल्या आठवड्याभरातच संपतात, हे त्यातलं सर्वांत झोंबणारं निरीक्षण. गोदामात काय आहे, हाच तिथे डाव होता. ‘वॉरगेम’ मालिकेने यातला छोटा तुकडा उचलला. त्यात रणगाड्याचं इंधन खरंच संपतं, आणि पुरवठ्याचे ट्रक विसरणारा नवखा खेळाडू शत्रूच्या तोंडावर थबकलेले रणगाडे पाहून पहिला धडा घेतो.

जिंकायचं म्हणजे काय

कारगिलच्या लढाईत भारतीय हवाई दल २६ मे १९९९ रोजी उतरलं ते नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, या स्पष्ट सूचनेसह. पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गमावलं. मग रीत बदलली. २४ जूनला मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेझरने वाट दाखवलेले बॉम्ब टाकले, आणि ४ जुलैला ते शिखर पायदळाने घेतलं. हीच लढाई गेममध्ये दिली, तर खेळाडू पहिल्याच चालीत रेषेपलीकडे जाऊन शत्रूची रसद तोडेल. डावपेच म्हणून त्यात चूक नाही. देश म्हणून काय गमवावं लागेल, ते मात्र पडद्यावर कुठेच नसतं. तिथे अदृश्य भिंत घातली तर खेळाडू वैतागतो. रेषा ओलांडू दिली आणि त्याची जबर किंमत गुणांत लावली, तर तो स्वतःच थबकून विचार करतो. चांगले रचनाकार हा दुसरा मार्ग घेतात.

बंडखोरीविरुद्धच्या युद्धात तर जाळायला शत्रूचा तळच नसतो. तेव्हा अमेरिकी गुप्तचर संस्थेत विश्लेषक असलेले फोल्को रुन्के यांनी पटावरच्या खेळांची एक मालिका सुरू केली, तिने या गुंत्याला पहिल्यांदा नीट हात घातला. त्यातल्या अफगाणिस्तानवरच्या ‘अ डिस्टंट प्लेन’मध्ये (२०१३) चार बाजू आहेत: काबूल सरकार, परदेशी फौजा, तालिबान आणि प्रादेशिक सरदार. सरकार आणि परदेशी फौजा एका पक्षाचे, पण त्यांचा विजय वेगळा मोजला जातो. परदेशी फौजांना जनतेचा पाठिंबा वाढवून आपली माणसं घरी न्यायची असतात. सरकारच्या खात्यात प्रजेवरच्या ताब्याबरोबर वशिल्याने वळवलेल्या पैशाचेही गुण जमा होतात. दोन दोस्त एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि दोघांचंही नियमानुसार बरोबर असतं. याच मालिकेत २०१९ मध्ये आलेल्या ‘गांधी’मध्ये ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक अशा चार बाजू आहेत.

मोबाइलवर हा विचार पोचवला २०१८ च्या ‘रिबेल इन्क.’ने. युद्ध संपलेल्या एका काल्पनिक डोंगरी प्रदेशाचा कारभारी म्हणून खेळाडू त्यात विहिरी खोदतो, लसी टोचतो, रस्ते बांधतो. पैसा भराभर ओतला तर महागाई आणि भ्रष्टाचार वाढतो. जपून ओतला तर लोक रागावतात. बंडखोर उठले की परदेशी सैन्य लगेच बोलावता येतं, पण ते ठरल्या मुदतीने परत जातं. स्थानिक सैन्य टिकतं, मात्र तयार व्हायला फार वेळ घेतं. लोकांमधली पत शून्यावर आली की डाव संपला, मग चकमकी कितीही जिंकलेल्या असोत. इथे खेळाडू सेनापतीच्या खुर्चीत नाही, कलेक्टरच्या खुर्चीत आहे. कोणाच्या खुर्चीत बसवायचं, हे ठरलं की काय गाळायचं तेही ठरतं. ‘कमांड’ने आरमारी अधिकाऱ्याची खुर्ची निवडली आणि शिपाई गाळला, ‘कॉम्बॅट मिशन’ने कंपनी कमांडरची निवडली आणि राजकारण गाळलं. फसतात ते बहुधा सगळ्या खुर्च्या एकदम देऊ पाहणारे.

विषय ताजा असला की बाहेरूनही कात्री लागते. ‘जनरल्स’वर चीनमध्ये बंदी आली. जर्मनीत त्याच्या विक्रीवर निर्बंध आल्यावर सुधारून काढलेल्या आवृत्तीत देशांची नावं गेली आणि माणसांच्या जागी यंत्रमानव आले. तालिबानविरुद्धच्या मोहिमेवरचा, गावोगाव जाऊन लोकांचा विश्वास मिळवायला लावणारा ‘अफगाणिस्तान ’११’ हा गेम २०१८ च्या सुरुवातीला ॲपलने आपल्या दुकानातून काढला, कारण त्यात शत्रू म्हणून खरे लोक होते. काल्पनिक देश आणि बनावट झेंडे वापरण्यामागे बरेचदा अशी व्यवहाराची कारणं असतात.

उलटा प्रवास

इकडे युद्धही गेमकडून उसनवारी करू लागलं आहे. अमेरिकेच्या ‘यूएसएस कोलोरॅडो’ या २०१८ मध्ये दाखल झालेल्या पाणबुडीत पेरिस्कोपची जागा घेणारा कॅमेरा फिरवायला एक्सबॉक्सचा कंट्रोलर वापरला, कारण नव्या भरतीच्या पोरांना तो शिकवावा लागत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यावरचा हवाई हल्ला म्हणून काही भारतीय वाहिन्यांनी चक्क ‘आर्मा ३’ या गेममधली दृश्यं दाखवली. ती खरी वाटली, कारण खऱ्या हल्ल्यांची दृश्यंही आता तशीच, वरून घेतलेली, धूसर आणि निःशब्द असतात.

सर्वांत पुढचं पाऊल युक्रेनने टाकलं. तिथल्या ड्रोन पथकांना प्रत्येक लक्ष्यामागे गुण मिळतात. पुरावा म्हणून ड्रोनने टिपलेला व्हिडिओ सादर करावा लागतो. कोणत्या लक्ष्याला किती गुण, हे सरकार गरजेप्रमाणे बदलतं, जसे गेमचे रचनाकार दर सुधारणेत सोंगट्यांच्या किमती खालीवर करतात. रशियन सैनिकामागचे गुण ६ वरून १२ करण्यात आले, ते पथकांनी रणगाड्यांऐवजी पायदळाकडे जास्त लक्ष द्यावं म्हणून. जमलेले गुण घेऊन पथकं ‘ब्रेव्ह वन’ या सरकारी ऑनलाइन बाजारात जातात आणि त्यांना हवे ते ड्रोन, हवे ते सुटे भाग मागवतात. रसदीचा काही भाग तिथे आता या गुणांच्या खात्यातून जातो.